विश्लेषण : गाडीची स्प्रिंग दाबायची कशाने? स्वस्तातला ‘स्प्रिंग कंप्रेसर’ महागात का पडू शकतो?

पावसाळा ओसरला की गॅरेजमध्ये एकाच तक्रारीची रांग लागते. खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून खडखड येते, गतिरोधकावर गाडी दणका देते, वळताना कुरकुर ऐकू येते. मेकॅनिक बॉनेटवर हात ठेवून गाडी दाबून पाहतो, चाक हलवून पाहतो आणि निदान सांगतो. शॉकअप गेले, वरचे माउंटिंग बसले किंवा स्प्रिंगच तुटली. पुढचे सगळे बोलणे पैशांचे असते. माल कंपनीचा घालायचा की बाहेरचा, एकच बाजू बदलायची की जोडी, मजुरी किती. हे काम नेमके कोणत्या अवजाराने होणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांत शॉकअप बदलायचे तर त्याच्याभोवतीची जाड स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते. ती दाबणारे अवजार म्हणजे स्प्रिंग कंप्रेसर. गॅरेजमध्ये नुसते ‘कंप्रेसर’ म्हटले तर हवेचा किंवा एसीचा समजला जातो, म्हणून काही ठिकाणी याला स्प्रिंगचा क्लॅम्प म्हणतात. ऑनलाइन हजार-दोन हजार रुपयांपासून तो दिसतो आणि व्हिडिओ पाहून घरच्या पार्किंगमध्ये गाडीची कामे करणारे हौशी मालकही तो मागवतात. पण इंजिन ऑइल बदलणे आणि स्प्रिंग दाबणे ही एकाच पंगतीतली कामे नाहीत. ऑइल बदलताना चूक झाली तर फरशी खराब होते.

गाडी जॅकवर घेतली तरी स्प्रिंग मोकळी का होत नाही?

या कामातला सगळ्यात घातक गैरसमज इथेच आहे. गाडी उचलली, चाक लोंबकळले, म्हणजे स्प्रिंगवरचा भार गेला, असे वाटते. गाडीचे वजन गेलेले असते हे खरे, पण स्प्रिंग मोकळी झालेली नसते.

स्विफ्ट, आय-२०, टियागो यांसारख्या गाड्यांना पुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये असताना या रचनेवर काम केले. नंतर ते फोर्डमध्ये गेले आणि १९५० साली ब्रिटनमध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांतून ती रुळली. जागा कमी लागते, सुटे भाग कमी लागतात, त्यामुळे छोट्या गाड्यांनी ती उचलली. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार होते आणि मागे पाटे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००मुळे स्ट्रट घराघरांत पोहोचला, आणि त्याच्यासोबत स्प्रिंग दाबण्याचे कामही गल्लीतल्या गॅरेजमध्ये आले.

स्ट्रटमध्ये शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर बसवलेली असतात. खालचा कप शॉकअपच्या नळकांड्याला पक्का जोडलेला असतो. वरचा कप, बेअरिंग आणि माउंटिंग हे सगळे शॉकअपच्या रॉडवर बसते आणि वरून एक मधला नट ते आवळून धरतो. कारखान्यात जोडतानाच स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा बरीच दाबून बसवलेली असते, म्हणजे चाक खाली लोंबकळले तरी ती कपातून निसटत नाही. स्ट्रट गाडीतून बाहेर काढून बाकावर ठेवला तरी स्प्रिंग दाबलेलीच असते, आणि तिला अडवून ठेवणारी वस्तू एकच असते : तो मधला नट. वरच्या बाजूचे दोन-तीन बाहेरचे नट स्ट्रटला गाडीशी जोडतात, ते काढायला हरकत नाही. मधल्या नटाला मात्र स्प्रिंग कंप्रेसरने पकडून सैल झाल्याशिवाय पाना लावायचा नसतो.

जोर असतो तरी किती?

समजा, एका छोट्या मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगची कडकी दर मिलिमीटरला २५ न्यूटन आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला सुमारे अडीच किलो वजनाइतका जोर लागतो. स्ट्रटमध्ये ती ८० मिलिमीटर दाबून बसवली असेल तर नटावर २,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोंचा जोर बसतो. एक अख्खी बुलेट त्या नटावर उभी असल्यासारखे. हीच स्प्रिंग १२० मिलिमीटर दाबली तर जोर ३,००० न्यूटनवर, म्हणजे तीनशे किलोंच्या घरात जातो.

जोरापेक्षा महत्त्वाची असते साठलेली ऊर्जा, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्प्रिंग दुप्पट दाबली तर ऊर्जा चौपट. वरच्या उदाहरणात ८० मिलिमीटरला ८० ज्यूल होते, १२० मिलिमीटरला १८० ज्यूल. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर टाकीसकट तीस किलोंच्या आसपास भरतो. तो दोन फुटांवरून पायावर पडला तर जेवढी ऊर्जा, तेवढी ही. ती सगळी दोन किलोंच्या माउंटिंगमध्ये गेली असे धरले, तर ते ताशी ४८ किलोमीटर वेगाने उडते. मोठ्या एसयूव्हीची ४० न्यूटनची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली तर ऊर्जा याच्या अडीचपट होते. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. पण अंदाज यायला पुरेसे आहेत. ग्राइंडर निदान आवाज करतो. दाबलेली स्प्रिंग शांत बसलेली असते.

कंप्रेसर नसेल तर काय केले जाते?

जुगाड. वेढ्यांमधून दोरखंड किंवा जाड तार ओवून, गाडीच्या वजनाने स्प्रिंग दबलेली असतानाच ती बांधून टाकायची आणि मग स्ट्रट बाहेर काढायचा. नाहीतर एकाने वरून कप दाबून धरायचा आणि दुसऱ्याने नट सोडायचा. कुठे साखळी, कुठे नटबोल्टने जोडलेल्या लोखंडी पट्ट्या. ‘वीस वर्षे असेच करतोय, काही झाले नाही’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते बहुधा खरेही असते. मात्र तार कधी तुटेल हे तार सांगत नाही. तिच्यावर किती भार चालतो हे कुठे लिहिलेले नसते आणि वेढ्याच्या कडेला घासून ती दर वेळी थोडी थोडी कापली जाते.

यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पाना मिस्त्रीच्या हातात असतो, पण स्ट्रट धरून उभा राहतो तो हेल्पर. बहुतेक गॅरेजमध्ये सगळ्यात नवा आणि वयाने सगळ्यात लहान असलेला. त्याचा चेहरा नेमका स्प्रिंगच्या रेषेत असतो. त्यामुळे अवजार कोणते घ्यायचे हा फक्त मालकाच्या खिशाचा प्रश्न उरत नाही.

दोन हुकांचा कंप्रेसर वाईट असतो का?

बाजारात सर्वाधिक दिसणारा प्रकार हा. आटे पाडलेले दोन लांब रॉड, प्रत्येकावर वर-खाली एक-एक आकडा. समोरासमोर दोन रॉड लावायचे, आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे आणि पान्याने आळीपाळीने आवळत जायचे. हे अवजार सरसकट वाईट नाही. चांगल्या प्रतीचे असेल आणि वापरणारा धीराचा असेल तर काम होते. अडचण अशी की त्यातली बरीचशी सुरक्षितता अवजारात नसून वापरणाऱ्याच्या हातात असते.

स्प्रिंगची तार गोल आणि रंग दिलेली असते. जुनी असेल तर तिच्यावर ग्रीस-चिखलाचा थर असतो. शिवाय वेढा सपाट नसतो, जिन्यासारखा चढत जातो. आकड्याचा ओढा सरळ रॉडच्या दिशेने असतो, पण ज्या तारेवर तो टेकलेला असतो ती तिरकी. त्यामुळे भार वाढला की आकडा तारेवरून बाजूला घसरू पाहतो. दोन्ही रॉड बरोबर समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर असतील तर स्प्रिंग सरळ दबते. एक रॉड घसरून दुसऱ्याच्या जवळ आला की पकडलेली बाजू दबते, उघडी बाजू फुगते आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. त्या क्षणी दोन्ही आकड्यांवरचा भार सारखा राहत नाही. अशी वाकलेली स्प्रिंग दिसली तर पुढे आवळायचे नसते. सावकाश सैल करून पुन्हा पहिल्यापासून लावायचे असते.

किती वेढे पकडले याचाही मोठा फरक पडतो, आणि इथे अनुभवी हातही फसतात. समजा स्प्रिंगचे पाच वेढे काम करतात. आकडे पाचही वेढ्यांना कवेत घेऊ शकत नाहीत, कारण टोकांशी कप आडवे येतात. तीनच वेढे पकडले, तर कपावरचा भार काढण्यासाठी पाच वेढ्यांचा सगळा दाब त्या तिघांना सोसावा लागतो. कमी वेढ्यांची स्प्रिंग जास्त कडक वागते. त्यामुळे अवजारावरचा जोर सुमारे दोन-तृतीयांशाने वाढतो, दोनच वेढे पकडले तर अडीचपट होतो. आधीच्या उदाहरणातले २,००० न्यूटन तीन वेढ्यांवर ३,३०० आणि दोन वेढ्यांवर ५,००० न्यूटन होतात. गाडी तीच, स्प्रिंग तीच, अवजारही तेच. फक्त आकडे कुठे अडकवले यावर भार ठरतो.

मग ओळखायचा कसा?

किमतीची पट्टी पाहण्याआधी आपल्या गाडीच्या स्प्रिंगची मापे घ्यावीत. बाहेरचा व्यास, तारेची जाडी, दोन वेढ्यांमधली फट आणि दोन कपांमधली जागा. आकडा जाड आणि फट बारीक असेल तर तो आत शिरणारच नाही. तारेपेक्षा आकड्याचा गाळा फार मोठा असेल तर शिरेल, पण डुगडुगेल. रॉड लांब असेल तर आवळताना त्याचे खालचे टोक कपावर किंवा स्ट्रटच्या ब्रॅकेटवर टेकते आणि काम अर्ध्यावर अडते. छोट्या हॅचबॅकच्या स्ट्रटमध्ये जागा एवढी कमी असते की एसयूव्हीसाठीचा ‘भारी’ सेट तिथे निरुपयोगी ठरतो. मोठे म्हणजे मजबूत, हा नियम इथे चालत नाही.

भारक्षमतेचा आकडा खोक्यावर असायलाच हवा. ‘एक टन’ लिहिलेले असेल तर ते जोडीचे मिळून की एका रॉडचे, हे पाहावे. आपल्या हिशेबात जेवढा जोर निघतो त्याच्या दुप्पट तरी क्षमता असावी, कारण दोन रॉडवर भार कधीच काटेकोर सारखा वाटला जात नाही. कुठलाच आकडा छापलेला नसेल तर ते अवजार घेऊ नये. यात सवलत देण्यासारखे काही नाही.

धातू पाहावा. आकडे घडीव पोलादाचे असावेत, ओतीव नसावेत. घडीव आकडा अतिभाराने आधी वाकतो आणि वेळेवर दिसतो, हलका ओतीव तुकडा न वाकता फुटू शकतो. दुकानात पाहताना ओतकामाची जाड शिवण, बारीक छिद्रे, खरबरीत पृष्ठभाग दिसला तर शंका घ्यावी. आटे हाताने पूर्ण लांबीभर फिरवून पाहावेत. कुठे अडकत असतील किंवा नट डुगडुगत असेल तर ते बाजूला ठेवलेले बरे. त्रिकोणी धारेच्या साध्या आट्यांपेक्षा चौकोनी किंवा समलंबी आटे अशा भाराला जास्त टिकतात. नटाखाली थ्रस्ट बेअरिंग असेल तर आवळायला कमी ताकद लागते आणि आट्यांची झीजही कमी होते. अशा गोष्टी पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या बाजारात हातात घेऊन तपासता येतात. मोबाइलवरच्या फोटोत त्या दिसत नाहीत.

आकड्यांना सुरक्षा पिन आहे का, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निर्णायक चाचणी. ही पिन किंवा फिरता खटका वेढ्याच्या मागून आडवा बसतो, म्हणजे आकडा घसरला तरी तारेवरून सुटत नाही. स्वस्त सेटमध्ये ती नसते. ज्यांत असते त्यांतलीही बऱ्याचदा पहिल्या महिन्यात हरवते, कारण ती लावायला अर्धा मिनिट जास्त लागतो.

खोक्यावरच्या खुणांबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘सीई’ ही युरोपातली खूण अनेक उत्पादनांवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यामुळे तिचा अर्थ त्रयस्थ संस्थेने तपासणी केली असा होतोच असे नाही. ‘जीएस’ ही जर्मन खूण मात्र त्रयस्थ तपासणीनंतर मिळते. दोन्ही खुणा नक्कल करून छापता येतात, हे वेगळे सांगायला नको.

आकड्यांच्या आत प्लास्टिक किंवा रबराचे अस्तर असेल तर तो निव्वळ दिखावा समजू नये. स्प्रिंगवरचा रंग तिला गंजापासून वाचवतो. लोखंडी आकड्याने तो खरवडला की त्या ओरखड्यात ओल धरते, गंज खड्डा पाडतो आणि हजारो दणके खाल्ल्यावर चीर तिथूनच सुरू होते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. आज नीट दाबून बसवलेली स्प्रिंग काही वर्षांनी तुटते, तेव्हा दोष खड्ड्याला दिला जातो.

एअर गन का लावू नये?

आट्यांचा फेर दीड-दोन मिलिमीटरचा असतो. नवी स्प्रिंग शून्यापासून १२० मिलिमीटर दाबायची तर प्रत्येक रॉडवर ६० ते ८० फेरे पडतात, तेही आळीपाळीने. हात दुखतो आणि शेजारी हवेची गन लटकत असते. मोह समजण्यासारखा आहे. पण गनचे धक्के आटे तापवतात, ग्रीस उडवतात आणि धातू धातूला चिकटून आटे जातात. हाताला जो जाणवतो तो ‘इथे काहीतरी अडतेय’ हा इशारा गनमधून कळत नाही, आणि एक बाजू चार सेकंदांत वीस मिलिमीटर पुढे जाते. हाती चालवायच्या कंप्रेसरवर गन वापरण्यास बहुतेक उत्पादक मनाई करतात. गनने चालवण्यासाठी बनवलेला असेल तर पत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले असते.

यापेक्षा चांगले काय?

थोडे जास्त पैसे मोजले तर दोन पंजांचा, एका स्क्रूचा कंप्रेसर मिळतो. यात आकड्यांऐवजी घोड्याच्या नालेसारखे दोन पंजे असतात. एक वर, एक खाली, आणि प्रत्येक पंजा वेढ्याचा जवळपास अर्धा घेर तळहातावर घेतो. ओढणारा स्क्रू एकच असल्याने दोन बाजू सारख्या आवळण्याचा प्रश्नच येत नाही. पंजे मात्र स्प्रिंगच्या व्यासाप्रमाणे निवडावे लागतात. खाली रुंद आणि वर निमुळती होणारी स्प्रिंग असेल तर वर-खाली वेगळ्या मापाचे पंजे लागतात. म्हणून सेट घेताना सोबत किती मापांचे पंजे येतात, हे पाहायचे. दोन-तीन मॉडेलांच्याच गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला एक सेट वर्षानुवर्षे पुरतो.

तिसरा प्रकार स्टँडचा. जमिनीवर किंवा भिंतीला पक्का बसवलेला, हाताच्या चाकाने, पायाच्या पेडलने किंवा हवेच्या दाबाने चालणारा. स्ट्रट उभा अडकवायचा, वरचे जबडे वेढ्यावर बसवायचे आणि दाबायचे. माणूस बाजूला उभा राहू शकतो, दोन्ही हात मोकळे राहतात, हेल्परने धरून ठेवण्याची गरज संपते. पुढे जाळी असलेला स्टँड असेल तर उत्तमच. हायड्रॉलिक स्टँड घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. तेलगळती झाली किंवा कोणाचा पाय चुकून पेडलवर पडला तर स्प्रिंग अडवणारी वेगळी यांत्रिक खूटी आहे का?

सगळ्याच गाड्यांना हे लागते का?

नाही. अनेक छोट्या गाड्यांच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून अ‍ॅक्सल जॅकने सावकाश खाली घेतला की स्प्रिंग बहुधा हातानेच बाहेर येते. फक्त मागचे शॉकअप बदलायचे असेल तर स्प्रिंगला हातही लावावा लागत नाही. इनोव्हाच्या पुढच्या बाजूला दुहेरी विशबोन असला तरी स्प्रिंग शॉकअपवरच असते, म्हणजे कंप्रेसर हवाच, आणि तोही जास्त क्षमतेचा. काही गाड्यांत, उदाहरणार्थ मर्सिडीजच्या अनेक जुन्या मॉडेलांत, स्प्रिंग चाकाच्या आर्म आणि चॅसीच्या मध्ये अडकवलेली असते. तिथे स्प्रिंगच्या पोटातून जाणारा वेगळाच कंप्रेसर लागतो. बाहेरून आकडे लावण्याचा प्रयत्न करू नये. मोटरसायकलच्या मोनोशॉकसाठीही छोटे वेगळे अवजार असते. मोटारीचे आकडे तिथे बसत नाहीत.

तुटलेल्या स्प्रिंगचा मामला वेगळा. सहसा ती खालच्या टोकाशी तुटते. तुकडा कपात अडकलेला असतो आणि उरलेली स्प्रिंग तिरकी बसलेली असते. कुठे किती ताण आहे याचा अंदाज येत नाही, धारदार टोक असते आणि पकडायला वेढेही कमी उरतात. दोन हुकांचा कंप्रेसर असेल तर हे काम करू नये, स्टँडवरच न्यावे. खोल गंजाचे खड्डे पडलेल्या स्प्रिंगलाही हेच लागू.

छोट्या गॅरेजला परवडणार कसे?

हा प्रश्न खरा आहे. दिवसाला एखाद-दुसरा स्ट्रट येणाऱ्या गॅरेजने हुकांच्या जोडीच्या कितीतरी पट किमतीचा स्टँड का घ्यावा? कारखान्यांतल्या सुरक्षेचे नियम कामगारांच्या संख्येवर ठरतात, त्यामुळे तीन-चार जणांच्या गॅरेजमध्ये तपासायलाही कोणी येत नाही. ‘सुरक्षित अवजारे वापरा’ असे फलक लावून यात काही बदलेल असे वाटत नाही.

पण याच गॅरेजवाल्यांनी दुसऱ्या एका कामात उत्तर शोधलेले आहे. चाकाची बेअरिंग बदलायची असते तेव्हा किती जणांकडे स्वतःचा हायड्रॉलिक प्रेस असतो? हब काढायचा, पोऱ्याकडे द्यायचा आणि जवळच्या लेथवाल्याकडे पाठवायचा, ही रीत गावोगावी आहे. तो जुनी बेअरिंग दाबून काढतो, नवी बसवतो, नगावर पैसे घेतो. हातोड्याने ठोकून बेअरिंग बसवली तर ती लवकर जाते आणि गिऱ्हाईक परत येते, हे कळल्यावर ही रीत पडली. स्ट्रटलाही तेच लागू करता येईल. प्रेसवाल्याने शेजारी एक स्टँड ठेवला तर आजूबाजूच्या दहा-बारा गॅरेजचे काम तिथे होऊ शकते. गाडीतून स्ट्रट काढणे आणि परत बसवणे गॅरेजमध्ये, मधली स्प्रिंग दाबणे स्टँडवर.

फरक एवढाच की ठोकून बसवलेली बेअरिंग गिऱ्हाइकाला आवाज करून सांगते. तारेने बांधून दाबलेली स्प्रिंग गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. नुकसान झालेच तर ते हेल्परचे होते. म्हणून ही रीत आपोआप पडलेली नाही, आणि ती पडायची तर मागणी गाडीमालकाकडून यावी लागेल.

गाडीमालकाने काय करावे?

गाडी सोडतानाच विचारावे, स्प्रिंग कशाने दाबणार? ‘स्टँडवर’ किंवा ‘पंज्याच्या कंप्रेसरने’ हे उत्तर आले तर उत्तम. हुकांची जोडी असेल तर ती पाहायला मागावी. पिना जागेवर आहेत का, रॉड सरळ आहेत का, आटे ग्रीस लावलेले आहेत का. ‘बांधून करतो’ असे उत्तर आले तर स्ट्रट काढून स्टँड असलेल्या ठिकाणी पाठवायला सांगावे आणि त्याचे शे-दोनशे रुपये जास्त द्यायची तयारी ठेवावी. मजुरीत घासाघीस करून मग सुरक्षिततेची अपेक्षा ठेवणे जमत नाही.

घरी करणाऱ्यांनी स्प्रिंग कपात हाताने किंचित फिरू लागेल इतकीच दाबावी. तेवढे झाले की मधला नट काढता येतो, त्यापुढे दाबणे म्हणजे विनाकारण ऊर्जा साठवणे. तोंड किंवा हात स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत येऊ देऊ नये. दाबलेली स्प्रिंग कंप्रेसरसकट जमिनीवर टाकून चहाला जाऊ नये. पाय लागून किंवा पडून आकडा सरकू शकतो. परत जोडताना स्प्रिंगचे खालचे टोक कपातल्या खाचेत टेकले आहे, वरचा कप सरळ बसला आहे आणि मधला नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळला आहे, हे तिन्ही झाल्यावरच कंप्रेसर सैल करायचा, तोही आळीपाळीने. मधला नट स्वतःहून घट्ट राहणारा असतो आणि एकदा काढला की त्याची पकड कमी होते. शॉकअपच्या खोक्यात सहसा नवा नट येतो, तोच वापरावा. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी लागते, तिचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.